बरं. पाणी पी.

हॅलो?… आई? अगं हळू. हळू बोल, आत्ता कुठे डोळा लागलाय ठकीचा. फोन उशीखाली कोंबला तेव्हा गप्प झाला… नाही, उठली नाही. नाकावर माशी बसल्यासारखं तोंड केलं आणि झोपली परत. पण तू फोन कसा केलास? ठरलंय ना आपलं, दुपारी फोन नाही, मेसेज करायचा.

काय झालं? बाबा बरे आहेत ना?… मग रडतेस कशाला?… रडत नाहीस. मग हे काय, सर्दी?

बरं, एका अर्थी बरंच झालं केलास ते. मी घड्याळाकडे बघतच बसले होते. आज दोनला जाणार ना तो… राजीनामा गं. काल लिहिलं की तुला. सोमवारी रजा संपतेय, त्याआधी देऊन टाकते. मेल लिहून ठेवलीय, दोनची वेळ लावलीय, दोन वाजले की कॉम्प्युटर आपोआप पाठवेल साहेबांना. माझ्या हातानं ते बटण दाबवेना, म्हणून… हॅलो? ऐकतेयस ना?

नुसतं हो हो काय? तू ऐकत नाहीयेस… बरं बाई, तुझं आधी. काय थांबत नाहीये?

स्क्रिप्ट? कुठली स्क्रिप्ट? ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरच्या वर्गातली?… हो, हो, हळूहळू सांग. घरच्या अभ्यासाला दिलं होतं… ‘रोज तेच तेच करता असं एक काम शोधा आणि ते यंत्राला द्या.’ छान आहे की. आणि जोड्या लावल्या. तुझी जोडी कुणाबरोबर?… ते अकाउंटंट काका? कुठेही बेरीज दिसली की चष्मा चढवतात ते? बरं. मग तुझ्या यंत्रानं त्यांना मेसेज पाठवला, ‘जेवलात का?’… आणि त्यांच्या यंत्रानं उत्तर दिलं, ‘हो, तुम्ही?’… मग तुझ्याकडून गेलं, ‘बरं. पाणी प्या.’… त्यावर त्यांचं परत, ‘हो, तुम्ही?’… त्यावर तुझं परत…

किती वेळ?

रात्रभर?

रात्रभर तू आणि अकाउंटंट काका एकमेकांना पाणी…

मी नाही हसत. अगं नाही. खोकला आला… आणि काकूंनी बघितलं. बघणारच. काकूंनी बघितलं नसतं तर तू मला फोन केला असतास का? काय म्हणाल्या?… ‘लग्न झाल्यापासून मला एकदा तरी विचारलंत का जेवलीस का म्हणून?’… मग बरोबर आहे त्यांचं. कुणीही भडकेल.

आणि बाबा?… पेपर वाचतायत. काहीच बोलले नाहीत?… ‘मला कुणी पाणी प्या म्हणत नाही.’ आई, थांब, मला जरा तोंडावर उशी धरू दे.

हं. बोल आता… अगं त्यात कुणाची चूक नाही. दोन्ही यंत्रं पडली सभ्य. आपण नाही का दारात चपला घालून तासभर बोलत उभं राहतो, ‘बरं, येते हं’, ‘या हं’, ‘येते’, ‘या’. आपल्याला निदान पाय दुखतात. यंत्राला पाय नाहीत.

ठीक आहे, थांबवू. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे फोनवरून शेल शिकवायचं, पण हाकू. माझा जुना लॅपटॉप समोर आहे ना? शेलचे हुकूम लिहायची ती काळी खिडकी उघडी आहे?… बाबांना म्हणावं बाजूला व्हा… नाही, बंद करून परत चालू करायचं नाही! पंख्यापासून माणसापर्यंत त्यांचा तो एकच उपाय आहे.

कंट्रोल आणि सी. एकत्र दाब… एकत्र, आई. एकानंतर एक म्हणजे एकत्र नाही… दाबलं? थांबलं?… ‘हो, तुम्ही?’ आलं. चिवट आहेत काका.

मग ते त्या खिडकीत चालतच नाहीये. मागून कुणीतरी उठवतंय त्याला. आई, खरं सांग. क्रॉनमध्ये घातलंस?… क्रॉन गं, वेळापत्रकवाला. एकदा सांगून ठेवलं की ठरल्या वेळी उठतो, काम करतो, परत गुपचूप झोपतो. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही… हो, तुझ्यासारखाच. फक्त तो बोलून दाखवत नाही.

पण क्रॉन शिकवलं कुणी तुला? सर तर अजून फाइलींची नावं बदलायला शिकवतायत म्हणालीस. आणि काही विचारलं की ‘मॅन्युअल वाचा’ म्हणतात… माझ्या नोट्समधून? त्या स्पायरल लावलेल्या? अगं त्या मी ऑफिसातल्या नव्या पोरांसाठी लिहिल्या होत्या. शेवटपर्यंत वाचल्यास? आई, तू पहिली. आमच्याकडे सगळे अनुक्रमणिका बघून ‘छान झाल्यात’ म्हणतात.

चल, टाइप कर. सी, आर, ओ, एन, टी, ए, बी. आता जागा सोड. मग उणे. मग लिंबातला एल… जागा सोडलीस ना? शेलला शब्द एकमेकांना चिकटलेले चालत नाहीत. त्याला वाटतं एकच माणूस आहे, आणि म्हणतो, मी या गृहस्थांना ओळखत नाही… हं. आता एंटर. वाच काय आलं ते.

पाच चांदण्या. पाच चांदण्या म्हणजे दर मिनिटाला उठायचं. पुढे?… ‘काका’. बरोबर, ही काकांची फाइल. दर मिनिटाला उठून बघतेय, आलं का काही, आलं असेल तर दे उत्तर. हीच ओळ काढायची. आता असं कर…

आणखी आहेत? वाच की.

वाच ना. अडखळतेस काय?… शून्य, चौदा, तीन चांदण्या. म्हणजे रोज दुपारी दोनला. पुढे?

‘लेक’.

लेक काय?… फाइलचं नाव लेक. आणि तिसरी ओळ?… पाच चांदण्या, ‘लेक-उत्तर’.

आई.

आई, काय आहे त्या फाइलींमध्ये?… काही नाही म्हणजे? काही नसलेल्या फाइलीला दर मिनिटाला कशाला उठवतेस? कॅट लिही, जागा सोड, फाइलचं नाव लिही आणि जे येईल ते मला वाचून दाखव. पहिली… ‘पाठव: जेवलीस का?’ बरं. दुसरी?… ‘जर लेकीचा मेसेज आला असेल, तर पाठव: बरं. पाणी पी.’

संपली? एवढीच आहे फाइल?

हं.

 

म्हणजे रोज दोनला जे यायचं, ‘जेवलीस का’, ती तू नव्हतीस… ‘मीच की’ काय? तू ग्रंथालयात बसली होतीस, आई! तो क्रॉन होता! मी वाट बघत असते गं त्याची. ठकी झोपलेली असते, घरात भिंतींशी बोलायची पाळी, आणि दोन वाजले की फोन थरथरतो. ठकीच्या बाबाला मी किती ऐकवलंय, आमच्या आईचं बघ, कितीही काम असो, एक मिनिट इकडचं तिकडे नाही. कसं होईल! सासूबाईंनासुद्धा त्यावरून टोमणा मारून झालाय माझा. आता तो कुठे परत घेऊ?

आणि परवा? परवा मी एवढं मोठं लिहिलं, ठकी एका हातात, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं. ‘आई, मला नाही झेपत गं. सोमवारपासून ऑफिस, पाळणाघरात जागा नाही, तू येतेस का थोडे दिवस?’ पाठवलं आणि लगेच उत्तर. ‘बरं. पाणी पी.’

मी उठून खरंच पाणी प्यायले, आई.

मला वाटलं, सुटले. आई म्हणाली बरं, म्हणजे येणार. मग तू येण्याचं काही काढेनास. म्हटलं, नसेल यायचं, वर्गात मन रमलंय, कशाला अडकवायचं तिला. म्हणून काल लिहिलं, ‘मग राजीनामाच देते.’ तर परत ‘बरं. पाणी पी.’ म्हटलं चला, आईचाही होकार आला.

ओरडत नाहीये. कुजबुजतेय. कुजबुजून ओरडतेय.

वाचला नाहीस ते कळलं गं. यंत्रानं उघडला की तुझ्या फोनवर तो वाचलेलाच दिसणार. पण एकदा तरी… काय?

काय म्हणालीस?

‘तुझंही रोज तेच यायचं.’ काय तेच यायचं?… ‘हो. जेवले. ठकी झोपलीय.’… रोज? एकही शब्द न बदलता?

‘मला वाटलं तूही स्क्रिप्ट लावलीयस.’

नाही, आई. ते मी हातानं टाइप करायचे.

हो. दर वेळी. जेवलेली असो, नसो.

नाही, रडत नाहीये. सर्दी. तुझीच लागली.

पण माझं सोड, तुझी स्क्रिप्टपण चुकलीच आहे. ‘जर’ लिहिलंस, ‘तर’ लिहिलंस. ‘नाहीतर’ कुठेय? नोट्समध्ये चौकटीत घालून लिहिलंय मी, की ‘नाहीतर’ लिहिल्याशिवाय झोपायला जाऊ नका. जर नेहमीचं आलं तर ‘बरं, पाणी पी’. नाहीतर? लेकीनं भलतंच काही लिहिलं तर? घराला आग लागली तरी ‘बरं, पाणी पी’?… हो, आगीला पाणी ठीक आहे. विनोद करू नकोस.

काय?… ‘कसला राजीनामा?’ आई, मी फोन उचलल्या उचलल्या सांगितलं! तुझे काका आडवे आले.

फक्त ठकीमुळे नाही… सांगते. पण बाबांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. मागच्या आठवड्यात साहेबांची मेल आली. ‘आपल्या पुनरागमनाचं स्वागत. प्रसूतीच्या दीर्घ रजेत तांत्रिक ज्ञान मागे पडण्याची शक्यता असते. तरी आपण सुरुवातीचे काही दिवस शेल स्क्रिप्टिंगच्या प्राथमिक वर्गात बसावं.’… प्राथमिक, आई. बालवाडी. माझी ‘हात लावू नका’ नावाची स्क्रिप्ट अजून रोज पहाटे उठून त्यांचं सगळं ऑफिस मार्गी लावते… नाव का असं? कारण एकदा साहेबांनी हात लावला होता. बाळंतपणाच्या खाटेवर फोन यायचे मला, ‘मॅडम, ती नक्की कुठे चालते हो? काही बंद करायचं नाहीये, फक्त विचारतोय.’ आणि आता मीच बालवाडीत.

थांब, पुढे ऐक ना. मेलला नोट्स जोडल्यात, ‘येण्याआधी वाचून यावं’ म्हणून. उघडल्या. पहिल्याच पानावर उदाहरण काय, तर ‘यंत्राला बोलायला शिकवू या: जेवलीस का?’

हो! त्याच! तुझ्या हातात आहेत त्याच, स्पायरलवाल्या! वरचं माझं नाव काढलंय आणि साहेबांचं घातलंय. बाकी एक मात्रा बदललेली नाही. उदाहरणातली आईपण माझीच ठेवलीय!

आई! शिव्या नकोत! बाबा बसलेत ना तिथे… तेही देतायत? बाबा?… पेपर खाली ठेवून? मग गंभीर आहे.

तेव्हा म्हटलं, जाऊ दे. इकडे पोर टाकून जायचं आणि तिकडे माझ्याच नोट्सची घोकंपट्टी साहेबांपुढे करायची. आणि खरं सांगू का? मला भीतीपण वाटली. खरंच विसरले असेन तर? या घरात माझं ऐकणारं कुणी नाही, यंत्र तरी ऐकायचं. तेही ऐकेनासं झालं असलं तर…

काय? कुठली बॅग?

भरलेली?… कधीपासून भरलीयस?… ठकी झाली तेव्हापासून उघडलीच नाहीस. अगं मग बोलली का नाहीस?… ‘तू बोलावलं नाहीस.’ बोलावलं होतं! तुझ्या यंत्राला बोलावलं होतं! आणि तुला काय वाटलं, सासूबाई येणार? त्या कशा येतील, मी तो टोमणा मारल्यापासून…

येशील? खरंच? आणि वर्ग?… कॉम्प्युटर बरोबर घेऊन. ठकी झोपली की तू अभ्यास करणार. बघ हं, ठकी झोपते म्हणजे अशी झोपते, की आपण श्वास घेतला तरी… आणि बाबा?… येऊ देत की. पंखे आहेत आमच्याकडे भरपूर.

आई, किती वाजले?

अगं! पावणेदोन होऊन गेले! बोलत काय बसलोय आपण! तो राजीनामा… थांब, उठते. लॅपटॉप ओट्यावर आहे, स्वयंपाकघरात. हळूच हात काढते हिच्या मानेखालून… हळू… नको नको नको… ओ, ओ, ओ, नाही गं राणी, झोप… उठली. गेली झोप. ये. ये कडेवर. बघ, आजी आहे फोनवर. काय म्हणते आजी?… ऐकलंस हिचं, आई? तुला शिव्या देतेय की साहेबांना, कळत नाही, पण सूर तुझाच आहे.

हं. आले. उघडला. एका हातानं पासवर्ड… चुकला. परत… ठकी, बोट काढ… झाला.

आता काळी खिडकी. आधी रांग बघायची, कुठली कामं वेळ लावून ठेवलीयत ती. ए, टी… ए, टी… काय गं ते पुढचं? मीच लावलंय काल. लावलं कसं ते आठवतंय, काढायचं कसं ते… देवा. बघ, साहेब म्हणाले ते खरंच की. पडलं ज्ञान मागे.

नाही, आठवत नाहीये! ठकी केस ओढतेय आणि तू म्हणतेस शांतपणे आठव!

काय? नोट्स काढल्यास? वाच, वाच. ‘वेळ लावून ठेवलेलं काम’ असं काहीतरी शीर्षक असेल… हं, ते. मोठ्यानं वाच… ‘रांगेत काय आहे ते बघायला ए टी क्यू.’ क्यू! अगं हो, क्यू, रांगेचा क्यू! गुरूची विद्या गुरूला, तीही आईच्या तोंडून. ए, टी, क्यू, एंटर… दिसला. हा बघ. आजची तारीख, दोन वाजता. किती निरागस दिसतोय. एक आकडा आणि वेळ, बस. आत काय भरलंय कुणाला कळणारही नाही.

पुढे वाच. ‘काम रांगेतून काढून टाकायला ए टी आर एम, जागा, आणि कामाचा क्रमांक.’ बरं. ए… टी… ठकी! ठकी, नको!

अगं हिनं मध्येच पाचही बोटांनी काहीतरी बडवलं आणि एंटरपण मारलं. यंत्र म्हणतंय, असा हुकूम सापडत नाही. आमच्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं, आणि त्याला हे उत्तर! निदान ‘बरं, पाणी पी’ तरी म्हणायचं.

हो, हो, परत लिहितेय. ए, टी, आर, एम. जागा. क्रमांक. लिहिलं.

नाही. एंटर नाही मारलं अजून.

आई, पण मला खरंच द्यायचा असेल तर? तू येतेस म्हणून काढायचा, असं नाही ना गं. तू थोडे दिवस येशील. मग? परत मी, परत ठकी, परत साहेब… हं… हं… बोल, ऐकतेय.

हं.

नाही, कळलं. परत म्हण. ठकीनं फोन ओढला मध्येच… ‘द्यायचा तर दे. नाही म्हणत नाही. पण मी जशी यंत्राच्या हातानं तुझी विचारपूस केली, तसा तू यंत्राच्या हातानं राजीनामा देऊ नकोस.’

हो. आपला हात जगन्नाथ. कळलं.

मारते एंटर.

काही आलं नाही.

अगं काहीच नाही. ‘झालं’ नाही, ‘काढलं’ नाही, नुसता कर्सर लुकलुकतोय. चुकलं की काय? दोनला थोडीच मिनिटं… काय? अजून आहे पानावर? वाच.

‘काहीच आलं नाही म्हणजे काम झालं. शेल चुकलं तरच बोलतं. बरोबर झालेल्या कामाचं कौतुक करायची त्याला सवय नाही. घाबरू नका.’

हे मी लिहिलंय?… शहाणीच होते की मी. काय वय होतं माझं!

थांब, खात्री करते. ए, टी, क्यू… रिकामी. रांग रिकामी आहे, आई. गेला.

नाही गं. सर्दीच.

सोमवारी? जाईन की. पहिल्या बाकावर बसेन, वही-पेन घेऊन. साहेब स्वतः शिकवणार आहेत म्हणे. ‘जर’ शिकवतील, ‘तर’ शिकवतील. मग मी हात वर करेन आणि विचारेन, सर, ‘नाहीतर’? आणि जेवलीस का असं विचारणारी ही बाई कोण हो? तुमच्या मातोश्री का?… बाबा हसतायत? मोठ्यानं? ऐकव ना. फोन तिकडे कर… हा हा हा. किती दिवसांनी ऐकलं.

बरं, आता तुझी ओळ काढू. काका अजून चालूच आहेत?… काकूंनी फोन फ्रीजवर ठेवलाय आणि तो तिथे थरथरतोय. चल. मगाचाच शब्द, फक्त शेवटी एलऐवजी ई. आता आख्खी फाइल उघडेल. पहिल्या ओळीवर जा, डी दोनदा दाब. गेली ओळ?… शाबास. आता बाहेर पड.

येत नाहीये बाहेर?… अगं घाबरू नकोस, तिथून पहिल्यांदा कुणालाच बाहेर पडता येत नाही. मोठमोठे लोक त्या खिडकीसमोर म्हातारे झालेत. एस्केप दाब. मग दोन टिंबं, एकावर एक. मग डब्ल्यू, मग क्यू. एंटर… सुटलीस?… काही आलं नाही ना? मग झालं!

आणि काकांना सांग, स्क्रिप्ट राहू दे, फक्त ‘हो, तुम्ही?’ऐवजी ‘जेवलीस का?’ लिहा आणि माझ्या आईचा नंबर काढून काकूंचा घाला. रोज दोनदा जाऊ दे. काकूंना आधी सांगू नका, यंत्र आहे म्हणून… हो, पुढेमागे कळलं तर माझ्याकडे पाठव काकूंना. मी सांगेन, त्या ओळी तुमच्यासाठी त्यांनी हातानं लिहिल्यात, हे काही कमी नाही.

तुझ्यावर? नाही, रागावले नाही. थोडी. आधी जास्त होते.

थांब, फोन थरथरला. तुझा…

‘जेवलीस का?’

दोन वाजले, आई.

नको! काढू नकोस ती. ‘लेक-उत्तर’ काढ, ती दर मिनिटाची. दोनची राहू दे. असू दे. मला सवय झालीय तिची… काय?

हो, मेसेज बघितला ना आत्ता… अच्छा. आता तू विचारतेयस. तू तू.

नाही.

नाही जेवले. ताट वाढून झाकून ठेवलंय, सकाळचंच… नाही, रोज नाही गं. म्हणजे… जवळजवळ रोज. हिला घेऊन एका हातानं खायचं म्हणजे निम्मं हिच्या डोक्यावर, आणि झोपली की वाटतं आधी कपडे, आधी भांडी, आधी जरा शेलचा सराव, आणि मग तुझा मेसेज येतो आणि मी लिहिते, हो. जेवले.

हो… हो… अगं हो ना. ठेवते. ठकीला खाली ठेवते आणि ताट घेते. तू शनिवारी निघ… आई?

काही नाही. असंच.

हो गं. पाणीपण पिते.